रेकॉर्ड लावली की सबवूफर गप्प, सिनेमा लावला की दणदणीत: रिसीव्हरमध्ये आवाज नेमका कुठे बदलतो ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी जवळपास त्याच शब्दांत येते. "सिनेमाला खिडक्या थरथरतात, आणि रेकॉर्ड लावली की आवाज डब्यातून आल्यासारखा." ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ओळखीपाळखीच्या घरांत हे इतक्यांदा निस्तरलंय की आता एकदा नीट लिहून ठेवतो. टर्नटेबलच्या जागी कॅसेट डेक असेल, जुना सीडी प्लेयर असेल, लक्षणं तीच. सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा वेगळा स्पीकर, गप्प, आवाज पातळ. आणि खरा वैताग हा की आज ठीक केलं तरी चार दिवसांनी पुन्हा तेच.

घाईत असाल तर आधी एवढं करा. रेकॉर्ड चालू ठेवा, रिमोटवरचं 'स्टीरिओ' बटण दाबा आणि सबवूफरच्या कोनवर हलकेच बोटं टेकवा. क्षणभरात तो थरथरायला लागला तर रिसीव्हर (टीव्ही, टर्नटेबल आणि सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात तो अ‍ॅम्पचा डबा), सबवूफर, वायर सगळं शाबूत आहे. तुमचा रिसीव्हर 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट'वर होता, बस. नवीन वायर आणू नका, सबवूफर उघडू नका.

पण हे असं का होतं ते कळलं नाही तर पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा तिथेच असाल, म्हणून आतला रस्ता समजून घ्या.

रिसीव्हरच्या मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेटं असतात. त्यांत येणारा सिग्नल अ‍ॅनालॉग असतो, म्हणजे सुई जशी हलली तसा वर-खाली होणारा व्होल्टेज. लोकांना वाटतं की इथून आत गेलेला आवाज स्पीकरपर्यंत तसाच जातो. आजच्या होम थिएटर रिसीव्हरात एरवी तसं होत नाही. आत शिरल्या शिरल्या एडीसी नावाची चिप त्या व्होल्टेजचे आकडे करते. हे आकडे डीएसपीकडे, म्हणजे आकड्यांवर हिशेब करणाऱ्या चिपकडे जातात, आणि बास-ट्रेबल, खोलीमुळे बिघडणाऱ्या आवाजाची दुरुस्ती, प्रत्येक स्पीकरचं अंतर, कुठली फ्रिक्वेन्सी कुठल्या स्पीकरला, हे सगळं तिथे ठरतं. मग डॅक नावाची चिप त्या आकड्यांचा पुन्हा व्होल्टेज करते, त्यानंतर व्हॉल्यूम, मग पॉवर अ‍ॅम्प, मग स्पीकर. बहुतेक रिसीव्हरांत व्हॉल्यूम हा असा डॅकच्या नंतर असतो. हे लक्षात ठेवा, आवाज फाटण्याची तक्रार तपासताना कामाला येईल.

प्युअर डायरेक्ट दाबलं की अ‍ॅनालॉग इनपुटसाठी यातला एडीसी-डीएसपी-डॅक हा सगळा वळसा वगळला जातो. आरसीएतून आलेला व्होल्टेज सरळ व्हॉल्यूमकडे आणि तिथून अ‍ॅम्पकडे. रस्ता छोटा, स्वच्छ. पण रेकॉर्डमध्ये सबवूफरसाठी वेगळा चॅनेल नसतोच, डावा आणि उजवा एवढंच असतं. त्या दोघांतला खालचा भाग कापून सबवूफरकडे पाठवण्याचं काम डीएसपी करतो. डीएसपीच वगळला तर सबवूफरला द्यायला काही उरत नाही. सिनेमाचं तसं नसतं. ५.१ मधला तो '.१' म्हणजे एलएफई हा खोल बासचा स्वतंत्र चॅनेल डिस्कवरच असतो, आणि एचडीएमआयवरून आलेला सिग्नल मुळातच आकड्यांत असल्यामुळे तो उलगडायला डीएसपी लागतोच. म्हणून एकाच सेटवर सिनेमा दणदणीत आणि रेकॉर्ड पोकळ.

आता हे घरात कसं घडतं ते सांगतो, कारण 'पुन्हा पुन्हा' का होतं याचं उत्तर त्यातच आहे.

घंटाळीजवळ आमचे एक जुने परिचित काका-काकू राहतात. हॉल १६ बाय १०, शोकेसवर पाच इंची वूफरचे छोटे स्पीकर, कोपऱ्यात सबवूफर, आणि काकांनी जपलेल्या नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या रेकॉर्डी. पहिल्यांदा त्यांनी बोलावलं तेव्हा मी स्टीरिओ लावून दिलं. आवाज भरला, काका खूश. आठवड्याने फोन: "अरे, पुन्हा तानपुरा गेला." त्यांचं ते वर्णन तंतोतंत बरोबर होतं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. त्यांच्या रिसीव्हरात क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्या खालचे सूर सबवूफरकडे आणि वरचे स्पीकरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झला होता. म्हणजे तो खर्ज सबवूफरच्या वाट्याचा. प्युअर डायरेक्टमध्ये तो पाच इंची स्पीकरवर पडत होता, आणि एवढ्या छोट्या वूफरला तो पेलवत नव्हता. त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर स्पीकरमधून येतात, म्हणून सूर ओळखू येतो, पण खालची बैठक जाते. हे कान तयार असलेल्या माणसालाच आधी जाणवतं, आणि काकांना जाणवलं.

दुसऱ्यांदा गेलो, स्टीरिओ लावलं, आलो. तिसऱ्यांदा मात्र मी ठरवून संध्याकाळी गेलो आणि बसून राहिलो. जेवणं झाली, दिवे मालवले, काकांनी हळू आवाजात रेकॉर्ड लावली. दहा मिनिटांनी काकू उठल्या, रिसीव्हरवरचं एक बटण दाबलं आणि पुन्हा येऊन बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, तो निळा उजेड थेट डोळ्यांत येतो. हे दाबलं की विझतो."

बऱ्याच रिसीव्हरांत प्युअर डायरेक्टमध्ये समोरचा डिस्प्लेही बंद होतो, आतल्या इतर सर्किटांचा त्रास अ‍ॅनालॉग सिग्नलला कमी व्हावा म्हणून. काकूंच्या दृष्टीने ते दिवा मालवायचं बटण होतं, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी रिमोटवरचं 'डिमर' दाखवलं, तीन-चार वेळा दाबलं की डिस्प्ले पूर्ण विझतो आणि आवाजाचा मोड तसाच राहतो. त्यानंतर मला त्या कामासाठी फोन आलेला नाही.

तेव्हा तुमच्याकडे ही तक्रार परत परत येत असेल तर घरात ते बटण कोण आणि कशासाठी दाबतं ते आधी बघा. दुसरं कारण असं की बरेच रिसीव्हर मोड प्रत्येक इनपुटसाठी वेगळा लक्षात ठेवतात. सीडीच्या इनपुटवर स्टीरिओ लावलंत म्हणून फोनोच्या इनपुटवर ते आपोआप लागत नाही. टर्नटेबल ज्या इनपुटवर आहे त्याच इनपुटवर जाऊन मोड निवडा. क्विक सिलेक्टसारखी बटणं असतील तर इनपुट, मोड आणि व्हॉल्यूम एकत्र साठवता येतात. घरातल्या मोठ्यांसाठी याहून सोपं काही नाही.

स्टीरिओ लावूनही सबवूफर गप्पच असेल तर स्पीकरच्या मेन्यूत जा. पुढचे स्पीकर 'लार्ज' दिसले तर रिसीव्हर सगळा बास त्यांनाच देतोय आणि संगीताला सबवूफरला काही मिळत नाहीये. माइक लावून रिसीव्हर खोलीची आपोआप मोजणी करतो, त्यानंतर कधी कधी तो स्वतःच 'लार्ज' ठरवून टाकतो. ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० वर ठेवा. 'स्मॉल' या शब्दाने स्पीकरचा अपमान होत नाही, त्याचा अर्थ एवढाच की खालचं ओझं दुसरा उचलतो.

रिसीव्हर खरोखर अ‍ॅनालॉग रस्त्यावर आहे की डिजिटल, याबद्दल शंका असेल तर टर्नटेबलवाल्यांसाठी एक खात्रीची चाचणी आहे, मला ती फार आवडते. व्हॉल्यूम अगदी कमी करा आणि कान सुईजवळ न्या. रेकॉर्ड फिरताना सुई स्वतःच बारीक आवाजात गात असते, शब्दसुद्धा कळतात. आता मेन्यूत 'ऑडिओ डिले' १०० मिलिसेकंद करा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. सुईचा आवाज आधी आणि स्पीकरचा मागून, असा पडसाद ऐकू आला तर आवाज आकड्यांतून जातोय, कारण आवाज थोपवून धरायचा तर तो आधी मेमरीत साठवावा लागतो. मग प्युअर डायरेक्ट दाबा. दोन्ही आवाज एकदम आले तर रस्ता सरळ अ‍ॅनालॉग आहे. काही रिसीव्हरांत ही डिलेची सेटिंग फक्त एचडीएमआयच्या इनपुटांना असते, तिथे मात्र ही युक्ती चालणार नाही. झाल्यावर डिले शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर रात्री सिनेमात ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील.

इथे लोक विचारतात, "मग प्युअर डायरेक्ट चांगलं की वाईट? रेकॉर्डीचं डिजिटल केलं तर मजा जात नाही का?" माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याकडे खालपर्यंत जाणारे मोठे उभे स्पीकर असतील आणि खोली प्रशस्त असेल तर प्युअर डायरेक्ट जरूर ऐका, बहुधा आवडेल. पण ठाण्यातल्या नेहमीच्या हॉलमध्ये छोटे स्पीकर आणि सबवूफर असतील तर डिजिटल रस्त्याने जाणंच फायद्याचं. एडीसीमुळे रेकॉर्डीतलं काही हरवत नाही. सीडीच्या १६ बिटांतसुद्धा सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९८ डेसिबलपर्यंत फरक मावतो, आणि रिसीव्हर त्याहून बारीक मोजतात. रेकॉर्डीवर प्रत्यक्षात साधारण ६० ते ७० डेसिबलचाच फरक असतो, कारण खरखर मुळातच असते. खोली मात्र बरंच काही बिघडवते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर दुप्पट करा आणि वेगाला त्याने भागा, म्हणजे त्या भिंतींमध्ये कुठला सूर घुमणार ते कळतं. काकांच्या हॉलमध्ये १६ फुटांच्या बाजूला ३५ हर्ट्झ आणि १० फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झ. या सुरांना काही जागी बास नुसता फुगतो, तर काही जागी गायब होतो. हा फुगवटा दाबण्याचं काम माइक लावून केलेली मोजणी आणि डीएसपी करतात. प्युअर डायरेक्टमध्ये ती दुरुस्तीही जाते. आपण शुद्ध आवाज ऐकतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात भिंतीच ऐकत असतो.

मोजणी केल्यावर घाबरवणारी एक गोष्ट दिसते, तीही सांगून टाकतो. सबवूफर आठ फुटांवर असतो आणि रिसीव्हर अंतर चौदा-पंधरा फूट दाखवतो. लोक ते हाताने 'दुरुस्त' करतात. करू नका. सबवूफरच्या आत स्वतःची सर्किटं असतात, त्यांतून आवाज निघायला काही मिलिसेकंद उशीर होतो, आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या भाषेत लिहितो. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर. तो आकडा बदललात तर सबवूफर आणि स्पीकर एकमेकांच्या मागेपुढे पडतात, आणि क्रॉसओव्हरजवळचा बास पुन्हा पातळ होतो.

आता दुसरी तक्रार, आवाज फाटतो. इथे व्हॉल्यूम कमी करून बघा. व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला तरी मोठ्या जागा तशाच फाटत असतील तर बिघाड व्हॉल्यूमच्या आधी आहे. मग प्युअर डायरेक्ट दाबा. फाटणं थांबलं तर एडीसीवर त्याच्या मर्यादेबाहेरचा सिग्नल येतोय. सीडी प्लेयरचा कमाल सिग्नल साधारण २ व्होल्ट असतो, आणि काही वेगळे घेतलेले डॅक त्याहून जास्त देतात. अ‍ॅनालॉग सर्किट थोडं जास्त सोसून घेतं. आकड्यांचं तसं नसतं, कमाल आकडा संपला की लाटेचा माथा सपाट कापला जातो. रिसीव्हरच्या मेन्यूत इनपुट अ‍ॅटेन्युएटर (आत येणारा सिग्नल कमी करणारी सोय) असेल तर तो चालू करा, किंवा स्रोताचाच आउटपुट कमी करा.

टर्नटेबलच्या बाबतीत फाटण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं निघतं. बऱ्याच टर्नटेबलांच्या मागे 'फोनो' आणि 'लाइन' असा छोटा खटका असतो. सुईतून येणारा सिग्नल मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला साधारण ५ मिलिव्होल्ट, फारच बारीक. तो वाढवणारा आणि सुरांचा तोल नीट करणारा प्रीअ‍ॅम्प एकदाच लागतो. खटका 'लाइन'वर आणि वायर रिसीव्हरच्या फोनो सॉकेटात असेल तर प्रीअ‍ॅम्प दोनदा लागतो, आणि आवाज भयानक फाटतो. उलट, खटका 'फोनो'वर आणि वायर साध्या सीडी सॉकेटात असेल तर आवाज मुंगीसारखा आणि बास जवळजवळ नाहीच. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त ठेवतात. १९५४च्या आरआयएए मानकानुसार २० हर्ट्झला तो सुमारे २० डेसिबल खाली असतो, आणि फोनो प्रीअ‍ॅम्प ते परत भरून काढतो. म्हणून पातळ आवाजाची तक्रार असेल तर मोडबरोबर हा खटकाही बघा.

टीव्हीचा आवाज हेडफोनच्या छिद्रातून आरसीएने रिसीव्हरला जोडलेला अजूनही कितीतरी घरांत सापडतो. टीव्हीत आकड्यांचा व्होल्टेज, रिसीव्हरात व्होल्टेजचे पुन्हा आकडे, मग पुन्हा व्होल्टेज, आणि एवढं करून ५.१ येत नाहीच. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीने रिसीव्हरकडे परत आणणारी एआरसी सोय २००९मध्ये एचडीएमआय १.४ आवृत्तीबरोबर आली, ती वापरा. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकल, त्यातून डॉल्बी डिजिटलचं ५.१ व्यवस्थित जातं. महागडा डॅक घेऊन तो आरसीएने रिसीव्हरला जोडणाऱ्यांनाही हेच सांगेन. स्टीरिओ मोडमध्ये रिसीव्हर त्याच्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो आणि शेवटी स्वतःचाच डॅक वापरतो. वेगळ्या डॅकचा गुण ऐकायचा तर प्युअर डायरेक्ट हवं, आणि मग सबवूफर सोडावा लागेल. पैसे घालण्याआधी हे ठरवा.

सेकंडहँड रिसीव्हर घेतलेल्यांना मागे सहा किंवा आठ आरसीएंचा 'मल्टी चॅनेल इन' नावाचा गठ्ठा दिसतो. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या अनेक चॅनेलांच्या संगीताच्या डिस्कांच्या काळातला तो. बहुतेक मॉडेलांत तिथून आलेला आवाज डीएसपीला शिवत नाही, म्हणून स्पीकरचे साइज आणि क्रॉसओव्हर प्लेयरच्या मेन्यूत लावावे लागतात.

गुणगुण ऐकू येत असेल तर आधी केबलवाल्याची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष त्या वायरीतून आलेल्या दुसऱ्या अर्थिंगचा आहे. केबलच्या वायरीवर आयसोलेटर (तो अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा तुकडा) लावा. नुसता बॉक्स ऑप्टिकलने जोडूनही बऱ्याचदा भागतं, कारण त्या वायरीत फक्त उजेड जातो, वीज जात नाही. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर रिसीव्हरच्या 'जीएनडी' स्क्रूला घट्ट आहे का तेही बघा. तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडून गुणगुण थांबवू नका, कोणी सुचवलं तरी. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

आपल्याकडे पावसाळा सरता सरता आणखी एक प्रकार सुरू होतो, खाडीकाठच्या घरांत, ऐरोली, कोपरी, कोलशेत भागात तर जास्तच. एक बाजू मधूनच जाते, खरखरते, हात लावला की परत येते. ओल्या खारट हवेने आरसीएच्या पिनांवर पुट चढलेलं असतं. रिसीव्हर बंद करून प्लग काढा, प्रत्येक प्लग जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवत बसवा, आणि काळवंडलेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. एचडीएमआय जोडणी अशी अर्धवट बिघडत नाही. चालते, नाहीतर आवाज तुटतो किंवा पूर्ण जातो. अ‍ॅनालॉग मात्र हळूहळू खराब होतं आणि कान त्याला सरावतात, म्हणून रिसीव्हरच्या टोकाला डावी-उजवी वायर अदलाबदल करून बघा. दोष वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर वायर किंवा तिच्या मागचं टर्नटेबल. दोष त्याच स्पीकरवर राहिला तर इनपुटचं सॉकेट, अ‍ॅम्प किंवा स्पीकर.

एवढं करूनही सुटलं नाही तरच रिसीव्हर दुकानात न्या. नेताना टर्नटेबल, त्याची वायर आणि एक रेकॉर्ड बरोबर न्या, आणि कुठल्या इनपुटवर, कुठल्या मोडमध्ये, व्हॉल्यूम किती असताना होतं ते चिठ्ठीवर लिहून द्या. एरवी तिथे एचडीएमआयने गाणं लावून बघतात, ते सुरेख वाजतं, आणि दहा-अकरा किलोचं ते धूड तुम्ही तसंच परत घरी आणता.